न बसणारं कडवं

शुक्रवारी सकाळी मशीनचं दार उघडलं की भैरू नाकाला रुमाल लावायचा. गुरुवारी सुट्टी, म्हणजे मशीन दिवसभर गपगार. लोखंड कापताना त्यावर सोडायचं ते दुधाळ पाणी, म्हणजे कूलंट, टाकीत साचून राहायचं, त्यावर काळ्या तेलाची साय धरायची आणि शुक्रवारी पंप सुरू झाला की नासक्या अंड्यांचा वास अख्ख्या शेडमध्ये पसरायचा. हा वास कपड्यांना लागायचा, केसांना लागायचा, डब्यातल्या पोळीलासुद्धा लागायचा. कूलंट वेळच्या वेळी बदलायचं असतं. तसा नियमही भिंतीवर लावलेला होता. नियमाला यमक होतं आणि ते यमक भैरूचंच होतं.

‘कूलंट बदला वेळेवर, मशीन चाले जन्मभर.’

पाटी लावल्यापासून कूलंट कुणी बदललं नव्हतं.

भैरू परभणीकडचा. आयटीआय करून चाकणला आला आणि या कंपनीत कंत्राटावर लागला. आता तो सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, सेटर होता. भोसरीत एका खोलीत तिघांसोबत राहायचा, कंपनीच्या बसने ये-जा करायचा. कामात चोख होता, पण शेडमध्ये त्याला ओळखायचे ते ‘कविराज’ म्हणून. एका म्हाताऱ्या फिटरच्या निरोप समारंभात त्याने चार ओळी म्हटल्या आणि तिथून हे शुक्लकाष्ठ मागे लागलं. सुरक्षा सप्ताह आला, बोलवा कविराजला. मॅनेजरच्या मुलाचं बारसं, बोलवा कविराजला. संडासात पाणी टाकत नाहीत लोक, कविराज, एक जोरदार लिहा राव. त्यानं तेही लिहिलं. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली ती पाटी रोज समोर बसून वाचावी लागायची. स्वतःच्या ओळी वाचायला याहून घाण जागा दुसऱ्या कुठल्या लिहिणाऱ्याच्या नशिबी आली नसेल.

तरीही एवढ्यावर भागलं असतं. पण मग धनेशचं बोट गेलं.

धनेश त्याचा खोलीतला सोबती, पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. प्रेसमध्ये हात गेला तर मशीन थांबावी म्हणून सेन्सर असतो. सेन्सर मध्ये मध्ये मशीन थांबवतो, माल कमी निघतो, म्हणून कुणीतरी तो बायपास केला होता. धनेशच्या उजव्या हाताचं बोट पेरापासून गेलं. प्रेसच्या बरोब्बर वर भैरूची पाटी होती. ‘सुरक्षेचा धरा हात, घरी जेवा गरम भात.’

भैरू दवाखान्यात गेला तेव्हा धनेश मांडीवर ताट घेऊन बसला होता. त्याच्याकडे बघून म्हणाला, “ये कविराज. भात जेवतोय बघ. गरम हाय. फक्त डाव्या हातानं.”

भैरूला हसता येईना आणि तिथून उठताही येईना. दुसऱ्या दिवशी एचआरमधून निरोप आला की ताज्या घटनेवरून एक नवीन घोषवाक्य पाहिजे. त्यानं ते दिलं. पाच मिनिटांत दिलं. यमकं त्याच्याकडे उकिरड्यावरच्या माश्यांसारखी यायची, हाकलली तरी परत येऊन बसायची. त्या दिवसापासून मात्र त्याला आपल्याच हाताची किळस यायला लागली. लिहिणाऱ्या हाताची. त्या हाताची पाचही बोटं शाबूत होती.

खंडेनवमी जवळ आली तसं सलिलनं त्याला केबिनमध्ये बोलावलं. सलिल एचआरमधला, भैरूच्याच वयाचा, शर्टाला कायम कसला तरी गोड वास.

“बस कविराज. चहा? यंदा भाऊ स्वतः येतायत पूजेला.”

भाऊ म्हणजे सुरेंद्रभाऊ, कंपनीचे मालक. एकेकाळी स्वतः लेथवर काम केलेले, त्यामुळे सगळे त्यांना भाऊच म्हणायचे. आता वर्षातून एकदा दिसले तरी म्हणायचे.

“मशीनला हार, लायटिंग, ते सगळे करतात रे. आपल्याला काहीतरी हटके पाहिजे. भाऊंवर एक आरती लिही.”

“आरती? जित्या माणसाची?”

“आरती म्हणजे... अभंग टाइप. टाळबिळ घेऊन. भाऊंना ते जुनं वळण आवडतं. ऐकताना देवळातलं फीलिंग आलं पाहिजे.”

सलिलनं चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. “दसरा झाला की परमनंटची यादी निघते. आपल्या शेडमधनं नावं कोण पाठवतं, माहितीय ना?”

माहीत होतं. पिंपळे गुरवला राहणारी त्याची सुमनआत्या त्याच्यासाठी दोन वर्षं मुली बघत होती. पोरगा काय करतो, घर आहे का, शेती किती, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न एकच असायचा, ‘परमनंट हाय का?’ आत्या म्हणायची, “माणसापरीस शिक्काच महत्त्वाचा झालाय बाबा. गळ्यात पट्टा कुठल्या रंगाचा हाय ते बगत्यात.” कंत्राटी कामगारांच्या ओळखपत्राचा पट्टा पिवळा होता, परमनंटचा निळा.

घरी जाताना बस मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. भैरू मोबाइल काढून बसला. एरवी झटक्यात सुचणारं त्या दिवशी सुचेना. ‘भाऊ, भाऊ’ करत दोन ओळी झाल्या, त्या त्यालाच ओकारी आणणाऱ्या वाटल्या. मग अचानक एक जुनी गोष्ट आठवली. दहावीत असताना त्यानं गावच्या भैरवनाथावर अभंग लिहिला होता. भजनी मंडळ तो म्हणायचं. तो सगळा काही आठवत नव्हता, पण दोन कडवी ओठांवर आली.

नाथा तुझे दारी । उभा मी लेकरू ।
नको रे विसरू । दीनालागी ॥

तूच माझी माय । तूच माझा बाप ।
निवविसी ताप । संसाराचा ॥

त्यानं ‘नाथा’ खोडून तिथं ‘भाऊ’ टाकलं.

बसलं. बेअरिंग आपल्या जागेत बसावं तसं टक्कन बसलं. अक्षरं तेवढीच, चाल तीच. कुठे घासायला लागलं नाही की कुठे सैल पडलं नाही. दुसऱ्या कडव्यात तर बदलायचंही काही नव्हतं. शेवटी ‘भैरू म्हणे’ घालून त्यानं भाऊंचं एक कडवं जोडलं आणि बस सिग्नलपर्यंत पोचायच्या आत सलिलला पाठवून दिलं. सलिलचं उत्तर आलं, जळत्या आगीची तीन चित्रं.

भैरूनं मोबाइल खिशात टाकला. तोंडात कूलंट गेल्यासारखी चव आली होती. देवाला वाहिलेलं फूल उचलून मालकाच्या गळ्यात घातलं, याचं एवढं वाईट नव्हतं वाटत. ते फूल दोन्हीकडे इतकं चपखल शोभलंच कसं? मग त्या वेळीही आपण देवापुढे हेच करत होतो का? त्या वयात त्यानं नाथाकडे काय मागितलं होतं तेही त्याला आठवलं. पुण्याकडं कंपनीत लाव.

कँटीनमध्ये तालमी सुरू झाल्या. भैरू पुढं म्हणायचा, मागे वीसेक जण ओढायचे. सलिल उभा राहून टाळ्या वाजवायचा. धनेश आता कामावर आला होता, त्याला हलकं काम म्हणून स्टोअरला बसवलं होतं. तो एका टेबलावर बसून ऐकायचा. बोटामुळे त्याला टाळ धरता यायचा नाही.

एकदा तो म्हणाला, “भावा, हे ‘दीनालागी’ म्हणजे आपण का?”

“हो.”

“आणि विसरू नको म्हणतोय आपण भाऊला.”

“हो रे.”

“विसरायला आधी आठवण पायजे की. आला होता का तो दवाखान्यात?”

मागचे दोघं-तिघं फिसकन हसले. सलिलनं ऐकलं नसल्यासारखं केलं. “चला, परत एकदा! ‘माय’वर जरा आर्त पाहिजे.”

गुरुवारी भैरू आत्याकडे गेला. आत्याचं पिंपळे गुरवात पोळी-भाजी केंद्र होतं. केंद्र म्हणजे एका बिल्डिंगखालचं शटर, आत दोन शेगड्या, एक लांब ओटा आणि त्याच्याभोवती लाटणाऱ्या चार बायका. तिथले डबे हिंजवडीच्या पोरांना जायचे. शटर अर्धं खाली होतं. भैरू वाकून आत शिरणार तोच त्याच्या कानावर ते आलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

लाटण्यांच्या ठेक्यावर बायका म्हणत होत्या, “नाथा तुझे दारी, उभा मी लेकरू...”

त्याला वाटलं, कंपनीतलं व्हॉट्सअ‍ॅप इथपर्यंत पोचलं की काय. पण इथं नाथाच होता. बायका पहिली दोन कडवी उरकल्यासारखी म्हणून गेल्या. एकीनं मध्येच “कणीक आण गं” म्हणून घेतलं. आणि मग सगळ्यांनी आवाज चढवला. भांडायला पदर खोचावा तसा.

गळते राऊळ । भिजे तुझा माथा ।
छत्र धरी नाथा । कोण कोणा? ॥

भैरू म्हणे तुझे । माझे एक घर ।
दोघे पत्र्यावर । चढू चल ॥

‘कोण कोणा’ला लाटणी पोळपाटावर आपटली.

भैरूच्या अंगावर काटा आला. हे कडवं तो पार विसरून गेला होता. विसरला नव्हता, त्याला विसरायला लावलं होतं. त्या वर्षी वाऱ्यानं देवळाचा पत्रा उडाला होता आणि नाथाच्या डोक्यावर धार लागली होती. भैरू बापासोबत वर चढून पत्र्यावर दगड ठेवत होता, आणि तिथंच, ओल्या चड्डीत, त्याला हे सुचलं होतं. देवाचा राग आला होता. एवढा मोठा देव आणि स्वतःचं छप्पर धरता येईना. त्यानं आनंदानं नाचत नाचत ते भजनी मंडळाच्या हिंदुरावबुवांना म्हणून दाखवलं. बुवा म्हणाले होते, “देवाला असं बोलत्यात व्हय? गोड गोड हाय तेवढं ठेव. हे काढ.”

भैरूनं काढलं. शेवटचं कडवंही गोड करून दिलं. बुवांनी पाठ थोपटली. आणि त्यानंतर त्यानं जे काही लिहिलं ते पाठ थोपटून घेण्यासाठीच लिहिलं. सलिल काही पहिला नव्हता.

“कोन हाय त्ये? आत तरी ये, न्हाईतर भाईर तरी जा,” आत्या ओरडली. “अगं बया, भैरू! वाकून काय उभा ऱ्हायलास, कंबर धरली का?”

भैरू आत आला. “आत्या, हे कुठनं आलं?”

“काय? अभंग व्हय? गावाकडचा हाय. मी शिकवला ह्यांला.”

ओट्याच्या टोकाला शैलाताई होत्या, चिंचवडच्या. पोळी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या, “फार जुने संत असणार ते. भैरूबुवा. समाधी कुठंय हो त्यांची?”

आत्यानं पदर तोंडाला लावला. “समाधी न्हाई अजून. कंपनीत हाय. पिवळ्या पट्ट्यात.”

शैलाताईंनी भैरूकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. “हे? हे भैरूबुवा? अहो, मी तर रोज सकाळी नमस्कार करते त्यांना!”

शटर हलेल एवढं हसल्या सगळ्या. भैरूही हसला, पण त्याला आत काहीतरी टोचत होतं. “पण हे कडवं तर बुवांनी काढायला लावलं होतं. मंडळानं कधी म्हटलंच नाही.”

“बाप्यांनी काढलं. आमी कामून काढू? तू पत्र्यावरनं म्हनत होतास तवा मी खाली दगड देत होते की. आधीचं माय-बाप तर समदेच म्हंत्यात. ह्यात जीव हाय.”

“आम्ही एक वाढवलंय पण,” शैलाताई जरा लाजून म्हणाल्या. “रागावू नका. ‘गॅस संपे मध्ये, पोळी राहे कच्ची, भक्ती कशी सच्ची, नाथा सांग.’”

“ते माझ्या नावावर खपवता?”

“मग कुणाच्या? भैरूबुवा गेले म्हणूनच समजत होतो ना आम्ही.”

आत्यानं त्याच्यापुढं गरम पोळी आणि ठेचा ठेवला. त्यानं तिला सगळं सांगितलं. सलिल, यादी, निळा पट्टा, ‘भाऊ तुझे दारी’. आत्या लाटता लाटता थांबली. तिनं काही उपदेश केला नाही. तिचा चेहरा मात्र भाजीत अळी सापडल्यासारखा झाला.

“भाऊला हे पत्र्याचं म्हनून दाखीवशील का?”

“नाही जमणार.”

“मंग? ज्याच्याशी भांडता येत न्हाई, त्याची कसली आरती करायलास?” मग जरा वेळानं, हळू आवाजात, “पर तुझं तू बघ. त्या सांगवीच्या पोरीचा बाप परवाच इचारत हुता.”

परतताना भैरूनं गंमत म्हणून करून बघितलं. ‘नाथा’च्या जागी ‘भाऊ’. ‘गळते राऊळ, भिजे तुझा माथा.’ कुठला भिजतोय भाऊंचा माथा? त्यांच्या ऑफिसात एसी. गळते ती शेड. प्रेसच्या वर गळते, स्टोअरच्या दारात गळते, तिथं बादली ठेवलेली असते. ‘तुझे माझे एक घर.’ वाचतानाच हसू आलं. अक्षरं बरोबर होती, पण कडवं काही केल्या बसत नव्हतं. आणि जे बसत नव्हतं तेवढंच त्याला आपलं वाटलं. कितीतरी दिवसांनी आपल्या हाताची घाण वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं सलिलला गाठलं. “सर, ते मागं घेतो मी. दुसरं काही लिहून देतो.”

“वेडा का तू? फ्लेक्स छापून आलाय. तुझं नाव टाकलंय खाली.”

“देवाचं होतं ते. माझं चुकलं.”

“हे बघ, कंपनीच्या वेळेत सुचलेलं कंपनीचं असतं.”

“कंपनीच्या वेळेत नाही सुचलं. दहावीत सुचलंय.”

“मग तर जुनंच दिलंस आम्हाला,” सलिल हसला. “भैरू, यादी अजून गेलेली नाही.”

खंडेनवमीला शेड ओळखू येत नव्हती. मशीनना झेंडूचे हार, हळदीकुंकवाचे पट्टे, कंट्रोल पॅनेलवर स्वस्तिक. कूलंट मात्र तेच होतं. उदबत्ती, झेंडू आणि नासकी अंडी असा एक मिसळलेला वास घशात उतरत होता. परतीचा पाऊस पत्र्यावर वाजत होता. स्टोअरच्या दारातल्या बादलीला सजावटवाल्यांनी झेंडूची माळ घालून झाकून टाकलं होतं.

भाऊ आले, नारळ फुटला. सलिलनं माइक भैरूच्या हातात दिला. फ्लेक्सवर भाऊंचा फोटो होता, मागे मंदिराचा कळस.

भैरू मशीनकडे तोंड करून उभा राहिला आणि सुरू झाला, “नाथा तुझे दारी...”

मागच्यांनी सवयीनं ओढलं, “भाऊ तुझे दारी!”

तो नाथा म्हणायचा, मागनं भाऊ यायचं. तालमीत घोटलेलं ते, सुटणार कसं? दोन-चार जण गोंधळून गप्प झाले. सलिल बाजूनं डोळे वटारत होता. दुसरं कडवं संपलं. आता छापलेलं शेवटचं यायचं होतं. भैरूनं ‘गळते राऊळ’ धरलं.

हे कुणालाच येत नव्हतं. त्याला एकट्यालाच म्हणावं लागलं, आणि आवाज चिरकला. ‘कोण कोणा’ला तो थांबला तेव्हा शेडमध्ये टाळ नव्हते. फुलांआडून बादलीत थेंब पडल्याचा आवाज आला. टप्प. मग दुसरा. स्टोअरच्या दारात धनेश उभा होता, त्यानं मान हलवली. भैरूनं पत्र्याचं कडवंही म्हटलं आणि माइक खाली ठेवला.

भाऊ जरा वेळ वर बघत राहिले. “छान आहे,” ते म्हणाले. “पत्रा गळतो का रे इथं?”

“नाही सर,” सलिल पटकन म्हणाला. “एसीचं पाणी आहे.”

शेडमध्ये एसी नव्हता. सगळ्यांना माहीत होतं, भाऊंनाही माहीत असणार. पण त्यांनी “बरं, बरं” म्हणून पेढा उचलला आणि पुढच्या मशीनकडे गेले. सगळ्यांनी पेढे खाल्ले. भैरूनंही खाल्ला, त्यालाही कूलंटचा वास होता.

यादी निघाली. त्यात त्याचं नाव नव्हतं. सांगवीवाल्यांचा फोनही आला नाही. संडासातली पाटी तशीच होती, फक्त तिच्या खालचा ‘कविराज’ हा शब्द कुणीतरी नखानं खरवडून काढला होता.

पुढच्या शुक्रवारी भैरूनं मशीनचं दार उघडलं. तोच भपका. त्यानं रुमाल नाकाला लावला नाही. उभा राहून तो वास घेत राहिला, पत्र्यावर उभं राहून पाऊस घेतला होता तसा. मग टूलच्या रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं आणि मशीनवर खुणा करायच्या मार्करनं लिहिलं.

सडले कूलंट । उठे घाण वास ।
नाथा तुझा श्वास । कसा चाले? ॥

धनेश टूल द्यायला आला होता. त्यानं खांद्यावरून वाचलं आणि तोंड वाकडं केलं.

“ह्यासाठी कोण पाठ थोपटणार, भावा?”

“कुणी नाही.”

“मग पुढचं लिही की. बोटाचं येऊ दे त्यात.”

भैरूनं झाकण उलटं केलं. मागची बाजू कोरी होती.